पाव हिस्सा पांढरा

खिडकीतल्या तीन फळ्यांवर व्हायोलेटच्या सत्तेचाळीस कुंड्या होत्या. वरच्या फळीवर पंधरा, मधल्या आणि खालच्या फळीवर सोळा-सोळा. प्रत्येकीत निदान एक फूल उघडलेलं होतं आणि प्रत्येक फूल जांभळं होतं. मुलीने दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा खालून वर.

“काय शास्त्रीणबाई, आकडा?” वडिलांनी पलंगावरून विचारलं. पाच महिन्यांनी काल त्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. ऑक्सिजनच्या मशीनची वायर पुरत नव्हती म्हणून पलंग खिडकीपासून लांब होता. तिथून त्यांना फक्त कुंड्यांच्या कडा दिसत.

“सांगते.” ती तिसऱ्यांदा मोजायला लागली.

आईचं पांढरं व्हायोलेट तीन वर्षांपूर्वी मुळं कुजून गेलं. ते जायच्या आधी वडिलांनी घड्याळदुरुस्तीच्या चिमट्याने त्याचे परागकण एका जांभळ्या फुलाला लावले होते. पहिली पिढी सगळी जांभळी आली. ती तशीच यायची होती. पांढरा रंग त्या पिढीत दबून असतो. त्यातल्या दोन झाडांचं लग्न लावलं की नातवंडांत चारांतलं एक पांढरं निघतं. फळ्यांवर होती ती ही नातवंडं. पुन्हा करायचं तर परागकणापासून फुलापर्यंत सव्वा वर्ष. डॉक्टर आता फक्त काही आठवड्यांची मुदत सांगत होते.

आई वाटीत औषधाच्या गोळ्या चुरत आत आली. “सांग ना त्यांना, माझ्या हातून एकही वाळलं नाही म्हणावं. पाच महिने नुसती नर्सगिरी केली. तिकडे यांची, इकडे यांच्या लेकरांची.”

“सगळी जांभळी आहेत, बाबा.”

“एकही पांढरं नाही?”

“नाही.”

वडिलांनी उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि बघत राहिले. बोटं थरथरत होती. “तेव्हाही हलत होता थोडा,” ते म्हणाले. “भलत्याच फुलाचे कण लागले असणार. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या लोकांच्या घड्याळांत. घरचं एक काम करायला गेलो, ते जमलं नाही.”

“अहो, माझं पांढरं गेलं ते गेलं. तुम्हीच हात धुऊन मागे लागलात त्याच्या. जांभळी काय वाईट दिसतात?”

मुलीने वडिलांची वही उघडली. बी पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, वेगळ्या कुंड्यांत लावलेली रोपं. शेवटच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात त्रेसष्ट लिहिलं होतं.

“आई, त्रेसष्ट होती ना? बाकीची कुठं गेली?”

“ती होय? मीच काढली. हे अ‍ॅडमिट झाले त्या आठवड्यात. मरतुकडी गं अगदी. बाकीच्यांचे देठ कसे काळपट, दणकट. यांचे फिक्कट, अंगात रक्त नसल्यासारखे. म्हटलं, जागा अडवून बसण्यापेक्षा चांगल्यांना उजेड तरी मिळेल. सोळा होती, मोजून उपटली.”

देठाचा काळपटपणा आणि पाकळीचा जांभळा रंग एकाच रंगद्रव्याचे. ज्या रोपात ते बनत नाही, त्याचा देठ फिका राहतो आणि फूल पांढरं येतं. रोप बोटभर असतानाच ते ओळखू येतं. त्रेसष्टाचा पाव हिस्सा पावणेसोळा.

मुलीने तोंड उघडलं. एवढं एक वाक्य सांगितलं तर वडिलांच्या हाताची चूक नव्हती हे सिद्ध होणार होतं. आई चमच्याने गोळ्यांची शेवटची कणी दाबत होती. मुलीने तोंड मिटलं आणि नजर वहीत घातली.

“फिक्कट म्हणजे किती?” वडिलांनी विचारलं. “पानाची मागची बाजू कशी होती?”

“तीही तशीच, नुसती हिरवी. लाली म्हणून नाही. का हो?”

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती वहीतच बघत राहिली.

“काही नाही,” ते म्हणाले. “बरं केलंस. मरतुकडी ठेवायची नसतात. मीही काढलीच असती.”

“तेच तर म्हणते मी. आ करा.” आईने चमचा पुढे केला. अर्धं औषध हनुवटीवर ओघळलं, ते तिने तळहाताने पुसलं. “आता डोळ्यांत पाणी कशाला? लहान मुलं गप गिळतात.”

“कडू आहे गं.”

“असू दे. अजून एक चमचा.”

वाटी रिकामी झाल्यावर ते मुलीकडे वळले. “लिही. निरीक्षण: परागकण लावताना हात हलला.”

“बाबा, पण…”

“लिही म्हणतो ना. वही माझी आहे.”

तिने लिहिलं. त्याखाली तारीख टाकली आणि उरलेले रकाने भरले. लावलेली रोपं ६३. फुललेली ४७. जांभळी ४७. पांढरी ०.