यमुनाकाकूंची बसफुगडी

नागपंचमीला अंगणात झिम्मा रंगला, तशी सुनेनं यमुनाकाकूंसाठी खुर्ची आणून ठेवली. काकूंच्या गुडघ्यात धातूचा सांधा होता. त्यावरचा जिवंत पेशींचा लेप हादरे बसले तरच हाड घडवायचा; पण सून मायेपोटी त्यांना जागचं हलू देत नव्हती. "लेप उपाशी मरतोय, यांना नाचवा!" असं डॉक्टरीणबाई संक्रांतीला सुनेवर कडाडल्या, तरी तिची भीती जाईना; तेव्हापासून काकू सुनेची नजर चुकवून गच्चीवर उड्या मारत होत्या.

"आई, जपून हं," सून म्हणाली.

"जपणं पुरे झालं!" काकूंनी पदर खोचला, तिचेच हात धरले आणि चक्क उकिडवं बसून बसफुगडी घातली. बायका गाणं विसरून बघत राहिल्या. शेवटी सूनच धापा टाकत मातीत बसली.

काकूंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस गं बाई. तूच तर आणून ठेवलीस."