एकच टाका

लेकीच्या छातीत कफ का अडकून राहतो, ते डॉक्टरीणबाईंनी आज समजावून सांगितलं.

“पेशीत एक प्रथिन तयार होतं, पण त्याची घडी जराशी चुकते. मग पेशीतली तपासणी त्याला तिथंच अडवते. बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचूच देत नाही, आतच मोडीत काढते.”

“आणि पोचलं असतं तर?”

“थोडंफार काम केलं असतं. तिला श्वास घेणं इतकं जड गेलं नसतं.”

“एवढ्याशा घडीपायी? इतकं कडक कोण असतं?”

दुपारी कारखान्यात माझ्या तपासणीच्या टेबलावर एक शर्ट आला. कॉलरखाली एकच टाका सुटलेला. अशा शर्टांच्या मी तिथंच चिंध्या करते. आज मात्र तो हळूच पास झालेल्या गठ्ठ्यात सरकवला.

सुपरवायझरनं नेमका तोच उचलला. “ताई, हा कसा सुटला?”

“घालता येईल की, भाऊ.”

तो हसला. “तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं? नऊ वर्षांत एक वाकडा टाका या दाराबाहेर जाऊ दिला नाहीत तुम्ही.”

आणि कात्री त्यानं माझ्याच हातात दिली.