दगडांची जागा

इकडं ओमेश्वरचं बायकोशी वाजलेलं, तिकडं काचेच्या टाकीत फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर हे दोन मासे एकमेकांचे लचके तोडत होते. चिडून त्यानं इटियाडोह धरणावरून आणलेले टाकीतले सगळे दगड इकडचे तिकडे केले. ओळखीची जागा हरवली की हे दांडगे मासे भांडण विसरतात, हा त्याचा नेहमीचा उपाय.

ते विसरलेही. काचेला तोंड लावून दोघं त्याच्याकडे बघू लागले.

तो वळला. दाराच्या जागी कपाट उभं होतं.

"योगेश्वरी, हे कपाट कोणं सरकवलं?"

बायकोचा आवाज दुरून आला, राग विसरल्यासारखा मऊ. "तुम्ही कुठून बोलून राहिले जी? तुमची खोलीच दिसून नाही राहिली."

त्यानं कपाट रेटून बाजूला केलं. तिथं कोरी भिंत होती.

तेवढ्यात पाठीमागं पलंग सरकल्याचा आवाज आला.