सत्काराची शाल

दूध संस्थेच्या निवडणुकीत हिंदुरावांना पॅनेलमध्ये घ्यायचं की नाही, हे ठरवायला पुढारी राजवर्धन स्वतः वडगावला हिंदुरावांच्या घरी आले आणि ओट्यावरच थबकले. गेल्या सत्कारात त्यांनी हिंदुरावांच्या खांद्यावर घातलेली शाल टायगर नावाच्या कुत्र्याने पांघरली होती. टायगर गाढ झोपला होता. हिंदुरावांना गार वाऱ्यातही घाम फुटला.

"काकी, आमची शाल कुत्र्याला?"

"मग काय करू, राजवर्धनराव?" हिंदुरावांच्या पत्नी कुशाबाई शांतपणे म्हणाल्या. "थंडीनं नुसतं कुडकुडत हुतं. दुसऱ्यांच्या शाली टाकून बघितल्या, काय फरक न्हाय. तुमची घातली आन् डोळा लागला बघा."

राजवर्धन खुलले. "आपण हलकी वस्तू देतच नाही," म्हणत त्यांनी चहा घेतला आणि हिंदुरावांचं नाव पक्कं करून गेले.

"एवढी उबदार हाय व्हय गं त्यांची शाल?" हिंदुरावांनी विचारलं.

कुशाबाईंनी शालीची कड उलटून दाखवली. आत थरावर थर शिवलेले होते.

"सात पुढाऱ्यांच्या शालींची गोधडी केली, कारभारी. तवा कुठं एका कुत्र्यापुरती ऊब निघाली."