दगडामागची झाडं

रुचिराने फिशटँकसाठी आणलेली काळी, दाणेदार माती रोळीत घेतली आणि नळाखाली धरणार, एवढ्यात हॉलमधून सुयोग ओरडला, "धुवू नकोस गं! चिखल होईल त्याचा, सगळ्याची वाट लागेल!"

तिने हात मागे घेतला आणि स्वतःशीच हसली. फिशटँकमध्ये झाडं कशी लावायची याचे व्हिडिओ ती सहा महिने बघत होती. पण रोळी एकदा हातात आली की हात डोक्याला विचारत बसत नाहीत, तीन पाण्यांनी धुऊनच मोकळे होतात. माती वाचली ती नवऱ्यामुळे, याचं तिला कौतुकच वाटलं. कारण याच माणसाने इतके दिवस "आधी कुंडीतली तुळस तरी जगव, मग पाण्यात बाग कर" म्हणून तिला पिडलं होतं.

"तुला काय माहीत रे?"

"पिशवीवर लिहिलंय ना."

रुचिराने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. पिशवी जपानी होती, आणि तिच्यावरचं अक्षर न् अक्षर जपानीतच होतं.

लग्नाच्या आठव्या वाढदिवसाला सुयोगने स्वतःहून चार फुटी टँक आणला होता. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत त्याला जागा करायची म्हणून टीव्हीची रवानगी आतल्या खोलीत झाली होती. अशा दिवशी एका पिशवीवरून वाद घालणं तिच्या जिवावर आलं.

पण माती टँकमध्ये ओतताना तिच्या लक्षात आलं, हे मोहरीएवढे काळे दाणे आपण आधी पाहिले आहेत. सुयोगच्या जीन्सच्या दुमडीत. गेले तीन महिने तो दर शनिवारी मित्राच्या, केतनच्या, मनोरीतल्या बंगलीचं काम बघायला जायचा आणि सोमवारी कपडे धुताना हे दाणे सापडायचे. "बांधकामाची खडी असेल," तो म्हणाला होता. मोहरीएवढी खडी कुठल्या बांधकामाला लागते, हे काही तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

सुयोग मात्र रंगात आला होता. पुढे दोन बोटं, मागे चार बोटं अशी त्याने मातीची चढण केली, जुन्या एटीएम कार्डाने ती सारखी केली, वरून पाण्याचा फवारा मारला. रुचिराने दगड मांडले. मग त्याने लांब चिमट्यात रोपाची मुळं धरली, तिरकी मातीत खुपसली आणि चिमटा किंचित हलवून अलगद काढून घेतला. रोप उभंच्या उभं राहिलं. तिचं मात्र प्रत्येक रोप चिमट्याबरोबर वर येत होतं. ती चिमटा सोडवायची युक्ती नुसतं बघून जमत नाही, हे सहा महिने नुसतं बघत बसलेल्या रुचिराला कुणी सांगायला नको होतं.

टँकच्या वर भिंतीला तिने काढलेलं चित्र चिकटवलं होतं. डावीकडे मोठा दगड, त्याच्यामागे उंच झाडं, मधून वाळूची वाट. कुडाळजवळच्या तिच्या आजोळचा व्हाळ, घराजवळून वाहणारा ओढा, होता तो. लहानपणी मे महिना तिने तिथेच काढलेला, आणि सुयोगला ती त्याच्याबद्दल इतक्यांदा सांगायची की तो वैतागायचा.

ती मोठ्या दगडामागे उंच रोपं लावायला वाकली.

"तिथे नको," सुयोग म्हणाला.

"चित्रात तिथेच आहेत."

"चित्रात आहेत गं, पण तिथे जगत नाहीत. दगडाची सावली पडते. पंधरा दिवसांत खालून कुजायला लागतात."

बोलून गेला आणि त्याचा चिमटा जागीच थांबला.

"कुठे कुजली?" रुचिराने विचारलं.

"केतनकडे. मनोरीला. एक छोटा टँक लावलाय आम्ही, सहज…"

"केतनच्या बंगलीत अजून वीज आलेली नाही. परवाच मीटरवरून बोंबलत होतास तू. दिव्याशिवाय ही झाडं आठ दिवस काढत नाहीत."

सुयोगने चिमटा खाली ठेवला. हात पुसले, पुन्हा पुसले.

रुचिराला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही, नुसता संताप आला. दर शनिवारी तो कुठल्यातरी बाईच्या घरी जात होता, हे तिला आता उघड दिसत होतं, आणि त्याचं काय करायचं ते ती बघणारच होती. पण त्या घरात याच चित्रावरून, असाच दगड न् मागे अशीच झाडं मांडून, आपला व्हाळ आधीच लागलाय, त्यात दिवा जळतोय, पाणी खेळतंय, आणि आपण इथे त्याची दुसरी प्रत लावत बसलोय, तीही त्याच्याच हाताने, हे तिला सोसेना.

"माझं चित्र तिकडे कसं गेलं?"

"फोटो काढला होता. मोबाइलवर."

"तिला सांगितलंस, कुठलं आहे ते?"

सुयोग एटीएम कार्डाने आधीच सारखी केलेली माती पुन्हा सारखी करू लागला.

"माझ्या आजोळचा व्हाळ आहे म्हणून सांगितलंय," तो म्हणाला.