पडद्याआडून

घशाच्या ऑपरेशननंतर त्या नर्सचा आवाज फाटला होता. बाबा तिला लाडाने ‘भोंगा’ म्हणायचे. कधीही बाहेर न पडणाऱ्या ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात ती आज पहिल्यांदाच आली होती, आपल्याला आत घेतील का ते विचारायला. समोर लोखंडी जाळी होती आणि तिच्यामागे काळा पडदा.

“ये बाळा,” पडद्याआडून मदर मायेने म्हणाल्या. “घरी कोण असतं?”

तिने तोंड उघडलं, तोच आतून उत्तर आलं, “एकटे बाबा. त्यांच्यासाठी जीव तुटतो.”

आवाज तिचाच होता, तोच फाटका.

“रडू नकोस गं,” मदर म्हणाल्या.

ती रडत नव्हती.

“इथे जीव रमेल ना तुझा?”

तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

“कधीचाच रमलाय, मदर,” पडद्यामागून ती म्हणाली.