कर्त्याचा रकाना

"महाकाव्यच आहे हे, बाई!" प्रफुल बांधावरून ओरडला.

धानाच्या बांधीतल्या चिखलात वाकलेल्या निर्मलाबाईनं मान वर केली. गेले आठ दिवस हा शहरातला प्राध्यापक मोबाईल पुढं धरून तिचं रोवणीचं गाणं भरून घेत होता. माणूस वाईट नव्हता. चहाला नाही म्हणायचा नाही, बांधीत मात्र उतरायचा नाही.

"म्हंजे का जी, सर?"

"म्हणजे फार मोठं काव्य. आठ दिवसांची रोवणी, आठ दिवसांचं गाणं. गावाच्या पाण्यासाठी बोडी खोदणाऱ्या बायांची अख्खी कथा! ग्रंथात येईल तुमचं."

"मायं नाई, माया मायचं. अंजनाबाईचं. याच बांधीत उभी राहून जोडलं तिनं. लिवा."

प्रफुलनं लिहिलं नाही. "तिथंच अडतंय. लोकमहाकाव्याचा कर्ता अज्ञात लागतो. नाव लावलं की ते नुसतं एका बाईचं गाणं होतं. मग ग्रंथात बसत नाही."

"मंग तिले मोठं कराले तिचंच नाव पुसून राहिले का जी?"

"पुसत नाही हो. अज्ञात हा मानाचा शब्द आहे."

"असं?" शेजारी रोवणारी अल्का म्हणाली. "मंग तुमच्या ग्रंथावर तुमी बी अज्ञातच लिवान ना?"

बाया खिदळल्या. प्रफुलही हसला. त्याच्या वहीतला कर्त्याचा रकाना कोराच होता.

निर्मलाबाई हसली नाही. ती हिशेब मांडत होती. पुढच्या साली रोवणीला यंत्र येणार. पोरगी रेणू नागपूरला, तिला गाण्याच्या चार ओळी धड येत नाहीत. नाव धरावं तर गाणं जातं. गाणं धरावं तर माय जाते.

"लिवा," ती म्हणाली, "तुमचा अज्ञात."

प्रफुलनं लगेच लिहिलं आणि मोबाईल पुन्हा पुढं केला. "आता शेवटचा भाग परत घेऊ. ती नावाची 'अंजना म्हने' ओळ तेवढी सोडा."

निर्मलाबाई गाऊ लागली. ती ओळ आली तशी तिनं तोंड मिटलं. हात चालूच होते. ओळीभर फक्त चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. मग ती पुढचं गायली.

प्रफुलनं मोबाईल कानाला लावून ऐकलं.

"छान. पण मधली ती जागा रिकामी वाटते, बाई. जरा जोडून म्हणता का?"